पेटी मानसेंगच्या दोन ओळी

हे द्राक्ष तासगावच्या बाजारात कुणी फुकट दिलं तरी घेतलं नसतं. मणी वाटाण्याएवढे, साल जाड, आत बिया, आणि घड इतका विस्कटलेला की अर्धे मणी आधीच कुणीतरी खाऊन गेलंय असं वाटावं. रंग धड हिरवा नाही, धड पिवळा नाही. तोंडात टाकलं की आधी गोड लागतं आणि लगेच दात आंबतात. फ्रान्सच्या नैऋत्येला, डोंगराच्या पायथ्याशी हे पिकतं, त्याची पांढरी वाइन करतात, आणि त्या भागाबाहेर ते फारसं कुणाला माहीतही नाही. नाव पेटी मानसेंग. मी द्राक्षाच्या बागेत वाढलेली मुलगी. पहिल्यांदा हे द्राक्ष पाहिलं तेव्हा मला त्याची कीव आली. माझी कुणी कीव केली की मला किती राग येतो हे लक्षात घेतलं, तर ते माझं चुकलंच.

दोन हजार पाच साली आम्ही व्हर्जिनियात हर्नडनला राहत होतो. नवरा पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला, आणि मी त्याच्या व्हिसावर आलेली बायको. केमिस्ट्रीची बी.एस्सी. होते, पण माझ्या व्हिसावर नोकरी करायला बंदी होती. "मग दिवसभर करतेस काय?" असं लोक विचारायचे आणि मी उत्तर देण्याआधीच चेहरा पाडायचे. पहिलं वर्ष मी खिडकीचे पडदे धुण्यात आणि न लागणाऱ्या गोष्टी शिवण्यात घालवलं. मी भांडखोर आहे हे माहेरी सगळ्यांना ठाऊक होतं. सासरी कळायला अजून वेळ होता.

जूनमधल्या एका रविवारी नवऱ्याच्या ऑफिसमधली मंडळी एका वाइनरीत गेली, सोबत आम्हीही. मी पीत नसे, म्हणून सगळे चव घेत बसले तेव्हा मी बागेत शिरले. तीन वर्षांनी द्राक्षाच्या पानांचा वास आला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग सवयीने एक पान उलटं केलं. खाली पांढरी लव. आमच्याकडे याला डावण्या म्हणतात, आणि पाऊस असताना हा रोग आठ दिवसांत बाग खातो. मी ते पान तोडून थेट मालकासमोर धरलं.

मालक म्हणजे निवृत्त झालेला दातांचा डॉक्टर, पासष्टीचा, लाल चेहऱ्याचा, चिडका. सगळे त्याला डॉक्टर म्हणायचे, मीही म्हणू लागले. त्याने चष्मा चढवला, पान पाहिलं आणि विचारलं, "तुला कसं कळलं?" मी म्हटलं, "मी याच्याखाली झोपून मोठी झालेय." आमच्याकडे वेली मांडवावर चढवतात हे त्याला ठाऊक नसावं, कारण त्याने आधी हातातल्या पानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग म्हणाला, की फवारणी कशी करायची ते सांगायला मंगळवारी ये.

मी गेले. नवरा ऑफिसला कारपूलने जायचा, गाडी घरीच असायची. मग आठवड्यातून तीन दिवस जाऊ लागले. पगार घेता येत नव्हता आणि मी मागितलाही नाही. कोवळ्या काड्या तारेला बांधायच्या, घडावरची पानं काढायची, असली कामं होती. हात काळे व्हायचे, पाठ भरून यायची, आणि मी कितीतरी दिवसांनी जेवायला बसल्यावर भुकेने जेवायचे.

जुलैत मी ती चूक केली.

आमच्या भागात खायची द्राक्षं होतात, आणि तिथे सगळा खेळ मण्याच्या आकाराचा. व्यापारी आला की आधी मणी मापतो. मणी फुगावा म्हणून विरळणी करतात. घडातले दाटीचे मणी बारीक कात्रीने एकेक काढून टाकायचे, म्हणजे उरलेल्यांना जागा मिळते. हे बायकांचं काम. आई, दोन्ही काकू आणि दहा वर्षांची झाल्यापासून मी, असे आम्ही मांडवाखाली मान वर करून दिवसच्या दिवस कात्री चालवायचो. वेल कुठून कापायची, काडीवर फुटीसाठी किती डोळे राखायचे, पुढच्या वर्षी माल कुठे धरायचा, हे ठरवणारी छाटणी मात्र पुरुष करायचे. ती कात्री कुणी बाईच्या हातात दिलेली मी पाहिली नाही.

तर त्या दिवशी डॉक्टर गावात गेला होता. माझं काम लवकर आटोपलं आणि मी बागेच्या टोकाला असलेल्या पेटी मानसेंगच्या ओळींपाशी आले. ते केविलवाणे घड पाहिले आणि मला राहवलं नाही. माझ्या पिशवीत शिवणाची लहान कात्री होती. दुपारपर्यंत चार वेली झाल्या, संध्याकाळपर्यंत सात. जमिनीवर हिरव्या मण्यांचा सडा पडला होता. मी इतकी खूश होते की गाणं गुणगुणत होते. डॉक्टर आला, तेव्हा मी त्याला अभिमानाने बोलावून ते दाखवलं.

"हे कुणी केलं?"

"मी."

"कशासाठी?"

"मणी मोठे व्हावेत म्हणून."

त्याने टोपी काढून जमिनीवर आपटली. "मोठे? मोठे कुणाला हवेत? सगळा वास, सगळी चव सालीत असते. मणी लहान तितकी रसाला साल जास्त. लहान आहेत म्हणूनच तर मी लावलेत!" मग तो ओरडला, "चाळीस वर्षांत मी एकाचाही चांगला दात उपटला नाही, आणि तू एका दिवसात हजारो उपटलेस!"

घरी येताना गाडीत मी मोठमोठ्याने रडले. लाज वाटली होतीच, पण त्याहून राग जास्त होता आणि तो डॉक्टरवर नव्हता. द्राक्षातलं एकच काम मला आयुष्यात शिकवलं होतं, तेही कुणी नीट समजावून नाही, कात्री हातात देऊन मांडवाखाली उभं करून. बाकी सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडलं आणि मला विचारलं कुणी नाही. नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "जाऊ दे ना यार, नको जाऊस आता तिकडे. तसंही फुकटच करत होतीस."

या एका वाक्याने मी दुसऱ्या दिवशी सकाळी सातला फाटकापाशी हजर झाले. डॉक्टर कॉफीचा कप घेऊन बाहेर आला. मी म्हटलं, "चुकलं माझं. आता मला छाटणी शिकवा." तो म्हणाला, की एवढी निर्लज्ज बाई त्याने पाहिली नाही. पण छाटणी जुलैत होत नाही, ती हिवाळ्यात, तोवर टिकलीस तर बघू, असंही म्हणाला. मी टिकले.

फेब्रुवारीत, बोटं बधिर करणाऱ्या थंडीत, त्याने मला दोन वेली छाटून दाखवल्या आणि तिसरीपाशी छाटणीची कात्री माझ्या हातात दिली. पेटी मानसेंगच्या दोन ओळी होत्या, मिळून ऐंशी वेली. मी एकटीने नऊ दिवसांत छाटल्या. डॉक्टर शेवटच्या दिवशी ओळीमधून फिरला, चारपाच ठिकाणी नाक मुरडलं आणि म्हणाला, "या दोन ओळी तुझ्या. छाटणीपासून माल उतरवेपर्यंत तू ठरवशील ते. मी तोंड बंद ठेवीन." त्याला ते फार जड गेलं, पण त्याने ठेवलं.

मी तासगावला फोन करून आबांना सांगितलं. माझे वडील मोकळेपणी हसले. "आता तुम्ही बायका छाटणी बी करणार व्हय," म्हणाले आणि फोन आईकडे दिला.

इकडे आमच्या मराठी लोकांतही बातमी पसरली होती. एका पॉटलकच्या जेवणाला एका काकूंनी सगळ्यांसमोर विचारलं, "काय गं, दारूच्या मळ्यात जातेस म्हणे?" मी म्हटलं, "हो काकू. आणि काका मागच्याच महिन्यात येऊन सहा बाटल्या घेऊन गेले, त्यांना विचारा ना, मळा छान आहे." नवरा त्यानंतर दोन दिवस माझ्याशी मोजकंच बोलला.

मला त्या उन्हाळ्यात एकच गोष्ट हवी होती. एक पीक, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, माझं. वेलींना फूट आली, फुलोरा आला, फळ धरलं. मी विरळणी केली नाही. जाळी बांधली, पानं काढली, पानांवर भुरीचा रोग दिसतो का ते शोधत फिरले. ऑगस्टच्या शेवटी बाकीच्या बागेत गोडी भरली. माझे मणी मात्र तेवढेच, आंबटढाण. पेटी मानसेंग सगळ्यांत शेवटी तयार होतं, ऑक्टोबर उजाडावा लागतो.

आणि नेमका तेव्हाच नवरा एका संध्याकाळी पेढे घेऊन घरी आला.

"टेक्सासचा, फ्रिस्कोचा प्रोजेक्ट मिळाला! लीडची पोझिशन आहे. सेकंड ऑक्टोबरला जॉइन करायचंय. आपलं लीजही सप्टेंबर एंडला संपतंय, काय परफेक्ट टायमिंग आहे बघ."

"माझी द्राक्षं ऑक्टोबरमध्ये उतरणार आहेत."

तो हसला. माझा चेहरा पाहून थांबला. "अगं, डॉक्टर उतरवेल की. त्याची बाग आहे."

"त्या दोन ओळी माझ्या आहेत. तू हो पुढे. मी उतरवून येते."

"एकटी? राहणार कुठे? ऐक ना, हॉबी आहे ही तुझी, समजतं मला, पण नवरा टेक्सासला आणि बायको द्राक्षांसाठी मागे, हे कसं दिसतं? लोकांना काय सांगू मी?"

"तुझ्या प्रोजेक्टला सांगून बघ दोन आठवडे थांबायला," मी म्हटलं. "थांबत असेल तर मी आजच पॅकिंग करते."

तो वाईट माणूस नव्हता. तो फक्त लोकांना भ्यायचा, आणि मी त्याला भ्यायला हवं होतं असं त्याला कधी वाटलं नाही, हेही खरं. आम्ही तीन आठवडे भांडलो. बॉक्स भरताना भांडलो, गाद्या विकताना भांडलो. तीस तारखेला त्याने मला बॅगेसकट डॉक्टरच्या घरापाशी सोडलं. डॉक्टरच्या बायकोने वरची खोली झाडून ठेवली होती. गाडी वळताना त्याने हात केला नाही, मीही केला नाही.

दुसऱ्याच दिवशी दक्षिणेकडून मोठा पाऊस येतोय अशी बातमी आली. आजूबाजूच्या बागांतून उरलासुरला माल भराभर उतरू लागला. साखर मोजायची नळी डोळ्याला लावून मी पाहिलं, बावीस. मणी चावला, दात शिवशिवले. बी थुंकून हातावर घेतली, अजून हिरवट होती. डॉक्टर शेजारी उभा होता. त्याने तोंड उघडलं आणि मिटलं.

"थांबायचं," मी म्हटलं.

मग घरात जाऊन मी आबांना फोन लावला.

"आबा, साखर बावीसला आलीय. पाऊस येतोय."

"बावीस? अन् अजून माल झाडावर? आपण सतराला गाडी भरतो की! आजच्या आज उतरून घे. पावसात मणी तडकला की संपला."

"ही तडकणार नाहीत. साल जाड आहे, घड मोकळा आहे. आणि आंबटपणा अजून उतरला नाही."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणते."

आबा म्हणाले, "मग मला फोन कशाला केलास?"

प्रश्न रास्त होता. परवानगी मागायला केला नव्हता, सल्ला मागायलाही नाही. त्यांचं न ऐकता मी काहीतरी ठरवतेय, हे त्यांच्या कानावर पडावं म्हणून केला होता. हे काही मी त्यांना सांगितलं नाही. आईला द्या म्हटलं.

पाऊस दोन दिवस कोसळला. मी वरच्या खोलीच्या खिडकीशी उभी राहून ओळी पाहत होते आणि मला सपाटून भीती वाटत होती. घर सोडलं होतं, नवऱ्याशी वैर घेतलं होतं, बापाला उलटून बोलले होते, आणि सगळं वाटाण्याएवढ्या मण्यांसाठी. डॉक्टरची बायको सूप आणून ठेवायची आणि काही न बोलता जायची, त्याबद्दल मी तिची अजून ऋणी आहे.

तिसऱ्या दिवशी ऊन पडलं. मी आणि डॉक्टर चिखल तुडवत गेलो. घड हलवला की पाणी निथळून जायचं. मण्यामण्यात वारा खेळायला जागा होती. जो घड मला अर्धवट वाटला होता, तो तसाच असायला हवा होता. जिथे मी मागच्या वर्षी आणखी मणी छाटले होते, तिथे निसर्गाने आधीच हिशेबाने विरळणी केलेली होती. एकही मणी तडकला नव्हता म्हणणार नाही, खालचे काही घड सडले, ते मी कापून फेकले. जाळीखालून घुसून हरणांनी कडेच्या सहा वेली साफ केल्या होत्या, त्यांना मी भरपूर शिव्या दिल्या, मराठीत. पण बाकीचा माल उभा होता.

पुढचे नऊ दिवस स्वच्छ ऊन होतं. मणी पिवळे झाले, मग सोनेरी, साली किंचित सुरकुतल्या, बिया तपकिरी झाल्या. नळीत आकडा सत्तावीस दिसला, त्या सकाळी मी म्हटलं, आज. डॉक्टर, त्याची बायको, शेजारचे दोघंतिघं आणि मी. दुपारी दोनपर्यंत सगळं उतरलं. शेवटची पाटी मी कुणाला उचलू दिली नाही. दाबयंत्रातून रस आला तो डॉक्टरने पेल्यात धरला, चाखला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "पुढच्या वर्षी मला तोंड उघडायची परवानगी असेल का?" मी हसले आणि मग मला रडू आलं, कारण पुढचं वर्ष माझं तिथे नव्हतं.

फ्रिस्कोला पोचले तेव्हा दिवाळी आठवड्यावर होती. नवरा विमानतळावर आला होता, बॅग उचलली, कसा झाला प्रवास विचारलं. नव्या घरात त्याने कणीक, डाळी, सगळं आणून ठेवलं होतं. आम्ही दोघेही जपून वागत होतो. मला वाटलं, निवळलं.

रविवारी त्याच्या नव्या टीममधल्या एकाकडे फराळाला गेलो. वीसपंचवीस माणसं. मी आत शिरताच बायका उठल्या, मला कोचावर जागा करून दिली, पाठीशी उशी ठेवली. मला काही उलगडेना. यजमानाच्या आई, साठीच्या काकू, माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि एक डबा माझ्या मांडीवर ठेवला. उघडला तर डिंकाचे लाडू.

"रोज एक खायचा," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "आणि फार उभं राहायचं नाही. होतं गं असं पहिल्या वेळी कुणाकुणाचं. माझंही झालं होतं. मन घट्ट करायचं."

त्यांचे डोळे भरून आले होते. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो खोलीच्या दुसऱ्या टोकाला चकलीची बशी घेऊन उभा होता आणि माझ्याकडे सोडून सगळीकडे पाहत होता. तब्येत बरी नाही म्हणून मागे राहिली, एवढंच तो म्हणाला असेल. बाकीचं, पोटातलं मूल गेल्याचं, लोकांनी जुळवलं, आणि त्याने जुळवू दिलं. माझे ते बारा दिवस, तो पाऊस, ती सत्तावीसची सकाळ, सगळं त्याने आजारपणाच्या अंथरुणात घातलं होतं.

आभार मानून डबा घेणं सोपं होतं. काकूंच्या डोळ्यांकडे बघून तर फारच सोपं होतं. मी उठून उभी राहिले.

"काकू, तुमचं ऐकून वाईट वाटलं, मनापासून. पण माझं तसं काही झालेलं नाही. मी आजारी नव्हते. मी व्हर्जिनियात माझी द्राक्षं उतरवत होते."

माझा आवाज मला वाटला त्याहून मोठा निघाला. कुणाचा तरी मुलगा इंग्रजीत विचारत होता की ही काकू उभी का राहिली, त्याला गप्प केलं गेलं.

"द्राक्षं?" काकू म्हणाल्या. "अगं, पण हा तर म्हणाला..."

"मला माहीत नाही तो काय म्हणाला. मी थांबले होते ते कामासाठी. वेली मी छाटल्या, मी राखल्या आणि मीच माल उतरवला. पेटी मानसेंग नावाचं द्राक्ष आहे. कुणाला विचारायचं असेल तर विचारा, मी सगळं सांगेन."

नवऱ्याने मान खाली घातली नाही, एवढं त्याच्या बाजूने सांगायला हवं. त्याने बशी ठेवली आणि पहिल्यांदा नीट माझ्याकडे पाहिलं. काकूंची मात्र पंचाईत झाली. त्या डब्याकडे पाहत होत्या, माझ्याकडे पाहत होत्या, आणि डबा परत घ्यावा का अशा बेतात त्यांचा हात पुढे आला होता. मी डबा छातीशी धरला.

"लाडू मी ठेवून घेते काकू. फार काम झालंय," मी म्हटलं, आणि सगळे बघत असताना तिथेच उभ्या उभ्या एक लाडू खाल्ला.